हवा नगण्य मानून

सागपाडा, ता. चोपडा, जि. जळगाव
२७ जुलै २०२५

आदरणीय ज्ञानचंद सर,
सागपाड्याहून कस्तुराचा नमस्कार.

तुम्ही मला पाहिलेलं नाही. तुमचा बारावीचा विद्यार्थी बादल पावरा माझे मालक. ते ८ जुलैला वारले. साक्री तालुक्यात पिंपळनेरच्या पुढच्या पठारावर पवनचक्क्या आहेत, तिथे ते दुरुस्तीच्या कामाला होते. वरून पडले. गुरुपौर्णिमेला ते दरवर्षी पेढे घेऊन तुमच्याकडे येत, यंदा आले नाहीत म्हणून तुम्ही वाट पाहिली असेल.

तुमच्या संवत्सरीच्या क्षमेच्या कार्डांचा गठ्ठा त्यांच्या पेटीत आहे. त्यावरच्या दुकानाच्या नंबरला फोन केला, तर तुमचे पुतणे अखिलभाऊ म्हणाले की काकांना ऐकू येत नाही, पत्र लिहा. मी दहावीपर्यंत शिकले आहे. चूकभूल माफ करा.

काम एकच आहे सर. कंपनीचे साहेब म्हणतात, बादल पडले नाहीत, त्यांनी उडी मारली. त्यांचं म्हणणं असं. सुरक्षेच्या पट्ट्याचा आकडा तुटलेला नाही, हाताने काढलेला होता. आणि माणूस घसरला तर सरळ खाली मनोऱ्याच्या पायाशी पडेल, हे मनोऱ्यापासून पस्तीस फुटांवर पडले होते. पोलिसांनीही तेच लिहून घेतलं. माझ्याकडे एक कागद आणलाय, घरच्या कारणावरून उडी मारली असावी, आमची तक्रार नाही, असा. त्यावर माझी सही पाहिजे म्हणतात. मी अजून केलेली नाही.

सासरे नवलबाबा काही बोलत नाहीत, पण पाड्यातल्या बाया मला विचारतात की घरात काय झालं होतं. आमची रूपा चार वर्षांची आहे. उद्या तीही विचारेल.

बादल म्हणायचे, आमचे सर पडणाऱ्या वस्तूचा हिशोब कागदावर मांडतात आणि तो चुकत नाही. मनोऱ्याची उंची सत्तर मीटर. वर यंत्राची खोली आहे, तिचं छत मनोऱ्याच्या भिंतीबाहेर नऊ फूट येतं, तिथून पडले. वजन बासष्ट किलो. पूर्वेच्या बाजूला, म्हणजे आमच्या गावाच्या दिशेला पडले होते. त्या दिवशी वारा फार होता. सकाळी त्यांचा फोन आला होता, त्यात वाऱ्याचाच आवाज जास्त.

आम्ही धान्य उफणतो तेव्हा दाणा सुपाखाली पडतो आणि भुसा लांब जातो. माणसाचं काय होतं सर? पडले की उडी मारली, एवढंच सांगा. जे असेल ते सांगा.

तुमची,
कस्तुरा बादल पावरा

*

धुळे
२ ऑगस्ट २०२५

चि. कस्तुरा हिला आशीर्वाद.

तुझं पत्र अखिलने हातात दिलं तेव्हा मी जेवायला बसत होतो. ताट तसंच राहिलं. गुरुपौर्णिमेला मी संध्याकाळपर्यंत ओट्यावर बसून होतो, आणि मनातल्या मनात त्याला शिव्याही दिल्या, की नोकरी लागली आणि सर विसरला. माझा बादल गेला, आणि मी पेढ्यांवरून रागावलो होतो.

आमच्या घराण्यात सगळे मीटरने कापड मोजतात. मी एकटाच निघालो मीटरने पडणं मोजणारा. चौतीस वर्षं मुलांना तेच शिकवलं, आणि त्या चौतीस वर्षांत बादलसारखे चार-पाचच भेटले. एकदा चाचणीत मी प्रश्न घातला की मनोऱ्यावरून दगड सोडला, किती वेळात खाली येईल. बादलने उत्तर बरोबर काढलं, आणि खाली लिहिलं, ‘वारा किती होता ते दिलेलं नाही.’ मी त्याचा अर्धा गुण कापला आणि लाल शाईने लिहिलं, ‘वारा धरायचा नसतो.’ त्यावर तो दोन दिवस माझ्याशी वाद घालत होता. असा होता.

तू म्हणालीस जे असेल ते सांगा. मी तीनदा हिशोब केला. सत्तर मीटर पडायला पावणेचार सेकंद लागतात. हवा थोडी अडवते, पण माणसासारख्या जड वस्तूला या उंचीवर जेमतेम पाव सेकंद उशीर होतो, म्हणून हवा नगण्य मानतात. तुझ्या उदाहरणातला माणूस दाणा आहे, भुसा नाही. पस्तीस फुटांतले नऊ वजा केले तर सव्वीस उरतात, म्हणजे आठ मीटर. पावणेचार सेकंदांत आठ मीटर पुढे जायला पाय सुटतानाच भरभर चालणाऱ्या माणसाचा वेग हवा. जागच्या जागी घसरलेल्या माणसाला तो वेग येत नाही. पूर्व-पश्चिमेला या हिशोबात जागा नाही.

पोरी, साहेबाचं म्हणणं हिशोबाला धरून आहे. मला हे लिहिताना फार वाईट वाटतंय. पण बादलच्या बायकोला गोड खोटं लिहिलं असतं तर तोच माझ्यावर चिडला असता. जाणाऱ्याच्या मनात काय होतं ते कुणालाच कळत नाही, तू स्वतःला त्रास करून घेऊ नकोस. रूपाला शिकव.

तुझा,
ज्ञानचंद सर

*

सागपाडा
९ ऑगस्ट २०२५

आदरणीय सर,
नमस्कार.

पत्र मिळालं. खरं सांगितलंत, उपकार झाले. सासऱ्यांना वाचून दाखवलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि जंगलात निघून गेले, दुसऱ्या दिवशी आले.

परवा साहेब पुन्हा आले होते. कागदावर सही करून दिली. बादलची खिशातली वही पोलिसांकडून मला मिळाली होती, तीही साहेबांनी मागितली, कंपनीची आहे म्हणाले. तिच्यात तारखा आणि रोजच्या वाऱ्याचे आकडे होते, दुसरं काही नव्हतं. तुम्ही लिहिलंत वारा धरायचा नसतो, म्हणून देऊन टाकली.

आता तुम्हाला त्रास देणार नाही.

कस्तुरा

*

धुळे
१३ ऑगस्ट २०२५

चि. कस्तुरा,

पत्र आत्ता आलं, आत्ताच लिहितोय, अखिलला स्पीड पोस्टने टाकायला सांगतो.

कुठली वही? कसले आकडे? वाऱ्याचा आकडा त्याला कोण सांगायचं? शेवटच्या दिवशीचा आकडा वहीत होता का, आणि तुला आठवतो का? वारा कुठल्या बाजूचा होता? वहीचं एखादं पान, फोटो, काहीही उरलं असेल तर ते कुणालाही देऊ नकोस, माझ्या नावाने कुणी आलं तरी नाही.

तू पहिल्या पत्रात वाऱ्याबद्दल लिहिलं होतंस. मी ते वाचलं आणि सोडून दिलं. का सोडलं ते पुढच्या पत्रात लिहीन, आधी तू उत्तर पाठव. मी ओट्यावर बसून पोस्टमनची वाट पाहतोय.

ज्ञानचंद सर

*

सागपाडा
२० ऑगस्ट २०२५

आदरणीय सर,
नमस्कार.

वही गेली. सासरे पिंपळनेरला जाऊन साहेबांना भेटले. साहेब म्हणाले कसली वही, आम्ही घेतलीच नाही. फोटो काढलेला नाही, मला तेव्हा सुचलं नाही.

मनोऱ्याच्या पायथ्याशी आत एक पडदा आहे, त्यावर वरच्या वाऱ्याचा आकडा दिसतो. बादल रोज चढायच्या आधी तो बघून वहीत लिहायचे. दारावर पाटी आहे, वारा बाराच्या वर असेल तर चढू नये. वहीत बाराच्या वरच्या आकड्यांखाली ते लाल रेघ मारायचे. जून-जुलैत जवळजवळ रोज लाल रेघ होती. शेवटचा आकडा १५.२. तो मला पाठ आहे, कारण ते पान मी रोज उघडून बघत होते. वारा पश्चिमेचा होता, पठारावर आषाढात तोच असतो.

पट्ट्याच्या आकड्याचंही सांगते. त्यांच्याबरोबर वर असलेला पोरगा दहाव्याला आला होता. तो म्हणाला की छतावर एका कडीतून आकडा काढून दुसऱ्या कडीत अडकवावा लागतो, त्या मधल्या वेळात ते गेले. पण पोलिसांपुढे तो असं बोलला नाही. त्याची नोकरी चालू आहे.

आणखी एक लिहिते, राग मानू नका. आषाढात आमच्याकडे कुणी उफणायला बसत नाही. तसल्या वाऱ्यात भुसा तर दिसतसुद्धा नाही आणि दाणाही ताडपत्रीच्या बाहेर जाऊन पडतो. हे मला माहीत होतं. तुमचं पत्र वाचताना मनात आलंही होतं. पण तुम्ही शिकलेले, आणि बादल म्हणायचे सरांचा हिशोब चुकत नाही, म्हणून गप्प बसले.

कस्तुरा

*

धुळे
२९ ऑगस्ट २०२५

चि. कस्तुरा,

काल आमची संवत्सरी झाली. वर्षभरात कळत-नकळत ज्यांना दुखावलं त्यांची क्षमा मागायचा हा दिवस. आमच्या घरी त्याची छापील कार्डं येतात, पुतणसून प्रियल गठ्ठा पुढे ठेवते आणि मी खाली सह्या ठोकतो. तीस वर्षं ठोकल्या. कुणाला काय दुखावलं ते एकदाही आठवून पाहिलं नाही. नाव घालायचं आणि तिकीट लावायचं, झाली क्षमा.

यंदा एकही कार्ड पाठवलेलं नाही. हे एकच पत्र लिहितोय.

आठ दिवस हिशोब करतोय. हे गणित एका ओळीत सुटत नाही. पावणेचार सेकंदांचे बारीक तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्यात हवेने किती ढकललं ते काढून पुढच्यात मिळवायचं. वारा १५.२ म्हणजे सेकंदाला १५.२ मीटर, ताशी पंचावन्न किलोमीटर. खाली पडताना हवा माणसाला फारशी अडवत नाही, हे मी तुला लिहिलं ते खरं होतं. पण ती हवा स्वतःच ताशी पंचावन्नने धावत होती, तेव्हा ती बाजूला ढकलत होती, आणि पडण्याचा वेग वाढतो तसा तिचा रेटाही वाढतो. उत्तर येतं सात ते साडेआठ मीटर. नुसता पाय सुटलेला माणूस, एक पाऊलही पुढे न टाकता, तेवढा लांब जाऊन पडतो. आपले आठ त्यात बसतात.

आणि दिशा. उडी मारणारा कुठेही उडी मारेल. वारा पश्चिमेचा होता आणि बादल पूर्वेला पडला. तू मला हेही लिहिलं होतंस, आणि मी म्हणालो, या हिशोबात त्याला जागा नाही.

बादलने उडी मारली नाही. पाटीवर बारा लिहिलेलं असताना त्याला पंधरात चढवलं आणि तो पडला. साहेबाला वही का हवी होती ते आता कळतं. ती त्याच्या हातात मी दिली, तुझ्या हाताने.

तू विचारलंस तेव्हा मी वारा का सोडला? कारण मला तसंच येतं. पुस्तकात पहिल्याच ओळीला हवा नगण्य मानतात, म्हणजे गणित मुलांना झेपतं. चौतीस वर्षं ती ओळ म्हणून म्हणून मला वाटायला लागलं की जग तसंच आहे. सतरा वर्षांच्या पोराने मला विचारलं होतं, वारा किती होता. मी त्याचा अर्धा गुण कापला. मग तो माझं ऐकायचं सोडून रोज वाऱ्याचा आकडा लिहीत राहिला, आणि तो मेल्यावर मी तोही पुसला.

कस्तुरा, मी तुझी क्षमा मागतो. मिच्छामि दुक्कडम्. हे शब्द आज पहिल्यांदा अर्थ कळून लिहितोय. तू क्षमा केली नाहीस तरी मला चालेल, ते तुझ्या हक्काचं आहे.

आता कामाचं. अखिलने एका वकिलाला विचारलं. तुझी सही मागे घेता येते, तसा अर्ज द्यायचा. माझा हिशोब मी सहीनिशी देईन आणि पोलिसांपुढे उभाही राहीन. पण वकील म्हणतो, हिशोबाला त्या दिवशीच्या वाऱ्याचा पुरावा हवा. अखिलने कंपनीत विचारलं, तर त्या आठवड्याची नोंद उपलब्ध नाही म्हणतात. वही नाही, पोरगा बोलत नाही. १५.२ तुला पाठ आहे एवढ्यावर कोण विश्वास ठेवील? त्या दिवशी वारा किती होता हे सांगणारं आणखी कुणी आहे का? आठवून बघ.

तुझा अपराधी,
ज्ञानचंद

*

सागपाडा
७ सप्टेंबर २०२५

आदरणीय सर,
नमस्कार.

तुम्ही क्षमा मागितलीत, ती मी केली. खालचं वाचलंत की कळेल, क्षमा करणारी मी कोण.

वारा किती होता हे सांगणारं एक आहे. ते पहिल्या दिवसापासून माझ्याजवळ आहे.

माझ्या फोनमध्ये बोलणं आपोआप साठतं. ८ जुलैचा सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांचा बादलचा फोन त्यात आहे, दोन मिनिटं दहा सेकंदांचा. पहिल्या पत्रात मी तुम्हाला लिहिलं की वाऱ्याचाच आवाज जास्त होता. ते अर्धं खरं होतं. बोलणं सगळं ऐकू येतं.

ते म्हणतात, “वारं भलतं शे. पंधराना वर गये. आज चढानं मन नही.”

मी म्हणते, “बठ्ठा चढी राहिनात, तू एकलाच का घाबरस? आज काम व्हयनं नही ते गुरुवारनी रजा जाई. चढी जाय.”

ते थोडे हसतात आणि म्हणतात, “बरं.” मग नुसता वारा आहे, आणि फोन बंद.

गुरुवारी गुरुपौर्णिमा होती. सकाळी धुळ्याला तुमच्याकडे यायचं आणि संध्याकाळपर्यंत घरी, असं त्यांचं ठरलं होतं. दीड महिना घरी आले नव्हते. रूपा रोज विचारायची. त्यांची रजा जाऊ नये म्हणून मी तसं बोलले. मला ते घरी पाहिजे होते सर, दुसरं काही नव्हतं.

म्हणून तुम्हाला विचारलं होतं, पडले की उडी मारली. मला वाटत होतं, सगळे चढतात, तू एकटाच घाबरतोस, असं मी म्हणाले ते त्यांच्या मनाला लागलं. तुम्ही लिहिलंत उडी, आणि मी सही केली, कारण घरचं कारण मीच होते. कागद खोटा नाही असं वाटलं. आता तुम्ही लिहिता की उडी मारली नाही. ते पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. ते रागाने गेले नाहीत, आम्हाला टाकून गेले नाहीत, एवढं तुमच्यामुळे कळलं. पण मग ते माझं ऐकून चढले आणि पडले. आधी वाटत होतं, उडीपेक्षा वाईट काही नसेल.

दोन दिवस फोन हातात घेऊन बसले. ते बोलणं पुसून टाकलं तर कुणाला कधीच कळणार नाही. ठेवलं तर पोलीस ऐकतील, वकील ऐकतील, मोठी झाली की रूपाही ऐकेल. पण पंधराचा आकडा त्यात त्यांच्याच तोंडून आहे. दुसरीकडे आता तो कुठेच नाही.

परवा दुपारी सासऱ्यांना ओट्यावर बसवलं आणि आधी सांगितलं, “बाबा, आयकाना पह्यले सांगस. चढी जाय असं मीच सांगेल शे.” मग फोन लावला. त्यांनी खाली बघत ऐकलं. मला वाटलं, आता उठून हाकलतील. ते म्हणाले, “आखो लाय.” मी पुन्हा लावला. असं पाच वेळा. शेवटी माझं बोलणं सुरू झालं की ते कानावर हात धरायचे, आणि बादलचं ‘बरं’ यायच्या आधी काढायचे. त्यांना ते कधी येतं ते पाठ झालं होतं.

तेव्हापासून ते माझ्या हातचं पाणी घेत नाहीत. स्वतः मडक्यातून घेतात. पण काल विचारलं की धुळ्याची गाडी किती वाजता असते.

आम्ही सोमवारी, १५ तारखेला येतो. अखिलभाऊंना वकिलाची वेळ घ्यायला सांगा. तुमचा हिशोब मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, सासऱ्यांना दाखवायचा आहे. ते विचारतील की दाणा इतका लांब कसा गेला.

ते बोलणं वकिलापुढे लावतील, मग पोलिसांपुढे. सगळे ऐकतील. तुम्हाला ऐकू येणार नाही. म्हणून मी काय बोलले ते तुम्हाला वर लिहून दिलं आहे, एक शब्द सोडलेला नाही. तुम्ही तिथे माझ्या बाजूला बसा.

कस्तुरा